किंमत तीच, वाटे वेगळे: ई-पुस्तकावरच्या कराची गोष्ट

ब्रिटनमधल्या एका लेखिकेने स्वतःच प्रकाशित केलेली कादंबरी ॲमेझॉनच्या किंडल दुकानात २.९९ पौंडांना विकली जाते आहे, असं समजू. डिसेंबर २०१४ मध्ये कुणी ती विकत घेतली तर २.९९ पौंड पडले. महिन्याभराने, जानेवारी २०१५ मध्ये घेतली तरी तेवढेच, आणि २०२० च्या मे महिन्यानंतर घेतली तरीही तेवढेच. वाचकाच्या खिशाला काहीच फरक पडला नाही. पण ७० टक्के मानधनाच्या पर्यायात त्या लेखिकेच्या खात्यावर पहिल्या वेळी प्रतीमागे सुमारे २.०३ पौंड जमा झाले, दुसऱ्या वेळी १.७४ आणि तिसऱ्या वेळी २.०९. फाइल पोचवण्याचं किरकोळ शुल्क या हिशोबात धरलेलं नाही.

कादंबरीतला एकही शब्द या काळात बदलला नव्हता. बदलला होता तो मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट: आधी ३ टक्के, मग २० टक्के, मग शून्य. मानधन मोजताना किमतीतून कर आधी वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे ७० टक्के लेखिकेला मिळतात. ३ टक्क्यांच्या काळात २.९९ मधून कर काढल्यावर २.९० पौंड उरत. २० टक्क्यांच्या काळात २.४९. एका प्रतीमागे २९ पेन्स हा फरक लहान वाटेल, पण लेखिकेच्या उत्पन्नातला तो सातवा हिस्सा होता.

हे दर असे वरखाली का झाले, याचं उत्तर एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नात आहे. ई-पुस्तक ही वस्तू आहे की सेवा?

छापील पुस्तकाबाबत हा प्रश्न कधी पडलाच नाही. युरोपातल्या बहुतेक देशांनी पुस्तकाला सवलतीचा दर दिला आणि ब्रिटनने तर १ एप्रिल १९७३ रोजी व्हॅट लागू करताना पुस्तकांचा दर शून्य ठेवला. त्यामागे मोठी परंपरा होती. वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर १८५५ मध्ये आणि कागदावरचा कर १८६१ मध्ये रद्द झाला तो ‘ज्ञानावर कर नको’ या दीर्घ चळवळीमुळे. पुढे १९४० मध्ये, ऐन महायुद्धात, अर्थमंत्री किंग्स्ली वुड यांनी नव्या खरेदी करात पुस्तकंही ओढायची ठरवली. देशाला बंदुकांसाठी पैसा हवा होता आणि विरोध करणं सोपं नव्हतं. तरीही प्रकाशक आणि लेखक एकत्र आले, प्रश्न संसदेपर्यंत गेला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुस्तकांना वगळण्यात आलं. शत्रूची विमानं घिरट्या घालत असताना एका सरकारने पुस्तकावरचा कर मागे घेतला, ही गोष्ट ब्रिटिश प्रकाशन व्यवसाय अजून अभिमानाने सांगतो.

ई-पुस्तक आलं आणि ही परंपरा एका व्याख्येवर अडखळली. युरोपीय संघाच्या व्हॅट कायद्यात सवलतीस पात्र गोष्टींची एक यादी आहे. तीत पुस्तक होतं. २००९ मध्ये शब्दरचना बदलून ‘कोणत्याही भौतिक माध्यमावरचं पुस्तक’ असं केलं गेलं. त्यामुळे सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर दिलेल्या पुस्तकाला सवलत मिळू शकत होती. तीच फाइल इंटरनेटवरून उतरवून घेतली की ती ‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुरवलेली सेवा’ ठरे, आणि अशा सेवांना सवलतीचा दर देण्यास त्याच कायद्याची मनाई होती. म्हणून ब्रिटनमध्ये छापील कादंबरीवर शून्य आणि तिच्याच ई-आवृत्तीवर २० टक्के. जर्मनीत ७ विरुद्ध १९. आयर्लंडमध्ये शून्य विरुद्ध २३.

मग आपल्या लेखिकेला २०१४ मध्ये ३ टक्के कसे काय लागत होते? कारण त्या वेळी कर ठरायचा तो विकणाऱ्याच्या देशावरून. ॲमेझॉनचं युरोपातलं मुख्यालय लक्झेंबर्गमध्ये होतं. या चिमुकल्या देशाने १ जानेवारी २०१२ पासून ई-पुस्तकावरचा दर थेट ३ टक्क्यांवर आणला. त्याच दिवशी फ्रान्सनेही ई-पुस्तकाला छापील पुस्तकाचा ५.५ टक्के दर लावला. फ्रान्सची भूमिका सांस्कृतिक होती. पुस्तकांच्या किमती प्रकाशकाने ठरवायच्या आणि दुकानांनी त्या पाळायच्या, हा १९८१ चा नियम त्याने २०११ मध्ये ई-पुस्तकांनाही लागू केला होता. कराचं पाऊल त्याला साजेसंच होतं. लक्झेंबर्गचं गणित वेगळं होतं. मोठी ऑनलाइन दुकानं आपल्याकडे टिकली की अख्ख्या युरोपातल्या विक्रीवरचा कर, मग तो ३ टक्के का असेना, त्याच्याच तिजोरीत पडणार होता.

याचा फायदा कुणाला झाला? ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘द गार्डियन’ने बातमी दिली की ॲमेझॉन ब्रिटिश प्रकाशकांशी व्यवहार करताना किमतीतून २० टक्के व्हॅट धरूनच वाटाघाटी करतं, प्रत्यक्षात मात्र लक्झेंबर्गला ३ टक्केच भरतं. लंडनमधली एखादी छोटी ऑनलाइन दुकानदारीण याच पुस्तकावर २० टक्के भरत होती. तिला ॲमेझॉनच्या किमतीशी बरोबरी करायची तर स्वतःच्या नफ्यातून ती तफावत भरून काढण्याशिवाय मार्ग नव्हता. करातल्या फटीतून बाजाराची रचनाच कशी बदलते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडतं.

१ जानेवारी २०१५ रोजी नियम बदलला. आता कर विकत घेणाऱ्याच्या देशाप्रमाणे लागू झाला आणि लक्झेंबर्गचा आडोसा गेला. दोनच महिन्यांनी, ५ मार्च २०१५ रोजी, युरोपीय न्यायालयाने फ्रान्स आणि लक्झेंबर्ग या दोन्ही देशांच्या विरोधात निकाल दिला. दोन्ही देशांचं म्हणणं होतं की ई-पुस्तक वाचायला संगणक किंवा रीडर लागतोच, म्हणजे भौतिक माध्यम आहेच. न्यायालय म्हणालं, माध्यम लागतं हे खरं, पण ते पुस्तकाबरोबर पुरवलं जात नाही. तर्क अचूक होता. वाचनाच्या दृष्टीने मात्र तो पोकळच वाटतो, कारण वाचक पैसे मोजतो ते मजकुरासाठी.

इटलीने याच काळात वेगळी वाट धरली. तिथल्या प्रकाशक संघटनेने ‘पुस्तक म्हणजे पुस्तक’ अशा अर्थाची घोषणा देत मोहीम चालवली, संस्कृतिमंत्री दारिओ फ्रांचेस्किनी यांनी ती उचलून धरली आणि २०१५ पासून आयएसबीएन क्रमांक असलेल्या ई-पुस्तकाला छापील पुस्तकाचाच ४ टक्के दर लावण्यात आला. युरोपीय कायद्याला हे उघड आव्हान होतं. पोलंडच्या नागरी हक्क आयुक्तांनीही समानतेच्या तत्त्वावर हा भेद मोडता येतो का, हे आपल्या घटना न्यायालयामार्फत तपासून पाहिलं. मार्च २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने उत्तर दिलं की छापील आणि डिजिटल पुस्तकांना वेगळं वागवणं अवैध नाही. बदल हवा असेल तर तो कायदा करणाऱ्यांनी करावा.

कायदा करणाऱ्यांनाही वेळ लागला. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये प्रस्ताव मांडला होता. पण करविषयक निर्णयाला सर्व सदस्य देशांची एकमुखी संमती लागते आणि जून २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकाने नकार दिला. त्याचा ई-पुस्तकांना विरोध नव्हता. व्हॅटमधली फसवणूक रोखण्याची एक वेगळी पद्धत त्याला मान्य करून घ्यायची होती आणि हा प्रस्ताव हाती होता, म्हणून तो अडवला गेला. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन्ही विषयांवर एकत्र तडजोड झाली. त्यानंतर देशोदेशीचे दर उतरू लागले. जर्मनीत १८ डिसेंबर २०१९ पासून ७ टक्के. आयर्लंडमध्ये २०१९ मध्ये ९ आणि जानेवारी २०२४ पासून शून्य. ब्रिटन १ डिसेंबर २०२० पासून दर शून्य करणार होता. करोनामुळे दुकानं आणि ग्रंथालयं बंद पडली, लोक घरात अडकले, तेव्हा सरकारने ती तारीख १ मे २०२० वर आणली.

ऐकायला सगळं छान. पण किमती उतरल्या का?

टॅक्स पॉलिसी असोसिएट्स या ब्रिटिश अभ्यासगटाने किमतींची आकडेवारी तपासली आणि करमाफीचा लाभ वाचकांपर्यंत पोचल्याचा पुरावा आपल्याला दिसत नसल्याचं म्हटलं. सुरुवातीची २.९९ पौंडांची कादंबरी हेच सांगते. मोठ्या प्रकाशकांची ई-पुस्तकं बहुधा ‘एजन्सी’ पद्धतीने विकली जातात: किंमत प्रकाशक ठरवतो, दुकान ठरलेलं कमिशन घेतं आणि स्वतःहून सूट देत नाही. दोन दुकानांत स्पर्धाच नसेल तर किंमत कोण पाडणार? शिवाय वाचकाला सवय असते ती २.९९, ४.९९, ९.९९ अशा ठरावीक आकड्यांची. त्या आकड्यात कर आधीच मिसळलेला असतो. कर गेला की आकडा तसाच राहतो, आतले वाटे तेवढे बदलतात.

यावरून ही सवलत फुकट गेली, असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखिकेला प्रतीमागे ३५ पेन्स जास्त मिळू लागले, आणि लेखनावर घर चालवणाऱ्याला ही रक्कम क्षुल्लक नाही. आणि वाचकापर्यंत सवलत पोचूच शकत नाही असंही नाही. स्वीडनने १ जानेवारी २००२ रोजी पुस्तकांवरचा कर २५ वरून ६ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारने किमतींवर लक्ष ठेवण्यासाठी खास आयोग नेमला होता. कपात ग्राहकांपर्यंत पोचल्याचं त्या आयोगाला आढळलं. तिथे दुकानं आपापसांत स्पर्धा करत होती, कपात मोठी होती आणि कुणीतरी हिशोब तपासत होतं. ब्रिटनमध्ये यातली तिसरी गोष्ट तरी करता आली असती.

ब्रिटनच्या निर्णयात आणखी एक उणीव राहिली. श्राव्य पुस्तकांना त्यात जागा मिळाली नाही. त्यांच्यावर २० टक्के कायम आहेत. दृष्टी गेलेल्या किंवा छापील अक्षरं जुळवताना त्रास होणाऱ्या माणसासाठी ऐकणं हेच वाचन असतं. इतरांना शून्य दराने मिळणारी कादंबरी त्यालाच करासकट घ्यावी लागते. याचं समर्थन कुठल्याही व्याख्येने होणार नाही.

अमेरिकेत हे चित्र उलटं दिसतं. तिथे देशव्यापी व्हॅट नाही. राज्याराज्यांचा विक्रीकर असतो आणि तो छापलेल्या किमतीत धरलेला नसतो, बिल करताना वर चढतो. त्यामुळे कराचा फरक लेखकाच्या वाट्यात दडत नाही, तो ग्राहकाला पावतीवर थेट दिसतो. कॅलिफोर्नियाचा कायदा हाताला लागणाऱ्या वस्तूंवर कर घेतो. म्हणून तिथे दुकानातल्या छापील पुस्तकावर किमान ७.२५ टक्के लागतात आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या ई-पुस्तकावर काहीच नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये डिजिटल वस्तूंसाठी वेगळा कायदा करून ई-पुस्तक कराच्या कक्षेत आणलं. टेक्सासही कर घेतं. पेनसिल्व्हेनियाने ऑगस्ट २०१६ पासून सुरुवात केली. ज्या प्रश्नाने युरोपात ई-पुस्तक महाग केलं, त्याच प्रश्नाने कॅलिफोर्नियात ते स्वस्त केलं.

या सगळ्याचा परदेशातल्या मराठी वाचकाशी सरळ संबंध आहे. पुण्यात लिहिली गेलेली एकच मराठी कादंबरी किंडलवर लंडनमध्ये घेतली तर कर शून्य, म्युनिकमध्ये ७ टक्के, सॅन होजेत नाही, डॅलसमध्ये आहे. डेन्मार्कने वर्षानुवर्षं सगळ्याच पुस्तकांवर २५ टक्के कर घेतला. मुलांचं वाचन घसरल्याची चिंता वाढल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तो पूर्ण काढून टाकण्याचा बेत जाहीर केला.

आणि खुद्द पुण्यात? १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकं करमुक्त राहिली आणि ई-पुस्तकांवर मात्र सेवा म्हणून १८ टक्के लागले. २०० रुपयांच्या ई-पुस्तकातले साडेतीस रुपये करात जात. वर्षभराने, २१ जुलै २०१८ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने हा दर ५ टक्क्यांवर आणला आणि २७ जुलैपासून तो लागू झाला. आता त्याच २०० रुपयांतून साडेनऊ रुपये जातात.

शून्य आणि पाच. कागदावरच्या पुस्तकाची अजून चांदी आहे, असं यावरून वाटेल. पण इथे एक बारकावा आहे, जो मराठी प्रकाशक चांगला जाणतात आणि वाचकांपर्यंत फारसा येत नाही. ब्रिटनचं शून्य आणि भारताचं शून्य एक नाही. ब्रिटनमधल्या प्रकाशकाने कागद, छपाई, जाहिरात यांवर भरलेला कर त्याला सरकारकडून परत मिळतो. भारतात छापील पुस्तक ‘करमुक्त’ आहे, आणि करमुक्त मालावर प्रकाशकाला आधी भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो कर खर्चातच मुरतो. छपाईच्या कागदावर आधी १२ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते १८ झाले. लेखकाच्या रॉयल्टीवरचा जीएसटी ‘रिव्हर्स चार्ज’ने प्रकाशकालाच भरावा लागतो आणि त्याचाही दर ऑक्टोबर २०२१ पासून १२ वरून १८ टक्के झालेला आहे.

एक कल्पित हिशोब मांडू. २०० रुपये किमतीच्या कादंबरीच्या १,००० प्रती काढायच्या आहेत. कागदाला २५,००० रुपये लागले, त्यावर कर ४,५००. लेखकाला १० टक्के दराने २०,००० रुपये रॉयल्टी, त्यावर कर ३,६००. छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, वाहतूक यांवरचा कर सोडला तरी ८,१०० रुपये झाले, म्हणजे प्रतीमागे ८ रुपये १० पैसे. पावतीवर कर शून्य लिहिलेला असतो आणि पुस्तकाच्या किमतीत मात्र तो आठ रुपयांनी बसलेला असतो. उलट ई-पुस्तकावर ५ टक्के उघडपणे लागतात, पण प्रकाशकाला रॉयल्टीवरच्या आणि अक्षरजुळणीसारख्या सेवांवरच्या कराचं क्रेडिट त्यातून वळतं करता येतं. दोन्ही रूपांतलं अंतर कागदावर दिसतं त्यापेक्षा बरंच कमी आहे. हजाराच्या आवृत्तीवर चालणाऱ्या मराठी प्रकाशन व्यवसायाला कागदाचे हे वाढीव सहा टक्के किती टोचत असतील, ते वेगळं सांगायला नको. छापील पुस्तकाला खरोखर करमुक्त ठेवायचं असेल तर क्रेडिट परत द्यायला हवं. नुसतं शून्य लिहून भागत नाही.

ई-पुस्तकाच्या बाजूलाही एक खोच आहे, आणि ती जास्त अन्यायाची आहे. पाच टक्क्यांची सवलत ‘छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती’ असेल तरच आहे. जे पुस्तक कधी छापलंच गेलं नाही, ते या व्याख्येत बसत नाही आणि त्याला १८ टक्क्यांचा सर्वसाधारण दर लागतो. बुकगंगासारख्या ठिकाणी किंवा किंडलवर आज नवी मराठी माणसं थेट डिजिटल रूपात लिहू शकतात. गावाकडची एखादी शिक्षिका आपला पहिला कथासंग्रह छापण्याचा खर्च पेलू शकत नाही म्हणूनच ई-पुस्तकाकडे वळते. १०० रुपयांच्या तिच्या पुस्तकातून कर जाऊन ८४ रुपये ७५ पैसे उरतात; मोठ्या प्रकाशकाने आधी छापलेल्या आणि मग डिजिटल केलेल्या पुस्तकातून ९५ रुपये २४ पैसे. ज्याच्याकडे छापायला पैसे आहेत त्याला कमी कर आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला जास्त, असा हा नियम झाला. ई-साहित्य प्रतिष्ठानासारखा उपक्रम पुस्तकं विनामूल्य देतो, तिथे हा प्रश्न येत नाही. पण लेखनाचे चार पैसे मिळावेत असं वाटणाऱ्याला तो पहिल्याच प्रतीपासून येतो.

नियमाची अट अशी आहे की त्या शिक्षिकेने मागणीनुसार छपाई करणाऱ्याकडून मोजक्या प्रती काढून घेतल्या, तर तेच ई-पुस्तक ‘छापील पुस्तकाची आवृत्ती’ ठरू शकतं आणि ५ टक्क्यांत बसू शकतं. मजकूर तोच, वाचक तेच, फाइलही तीच. युरोपाने २०१८ मध्ये आपल्या कायद्यातून ‘भौतिक माध्यम’ ही अट सैल केली, तेव्हा ई-पुस्तकाला छापील जुळं असायलाच हवं असं म्हटलं नाही. जीएसटी परिषदेने एकदा दर बदलला आहे. आता अधिसूचनेच्या स्पष्टीकरणातले ते ‘छापील पुस्तकाची’ एवढे दोन शब्द काढले, तर थेट डिजिटल लिहिणाऱ्या प्रत्येकाला शंभरामागे साडेदहा रुपये परत मिळतील.